ट्रेलरचं वजन: गाडी किती ओढते आणि कागद किती ओढू देतो

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: ‘मी धायरीत राहतो. डिझेल एसयूव्ही आहे. आरसीवर भाररहित वजन १,९५० किलो आणि एकूण वजन २,६१० किलो आहे. भोसरीतल्या एका फॅब्रिकेटरकडून कॅम्पिंग ट्रेलर बनवून घ्यायचाय. रिकामा सहाशे-साडेसहाशे किलो होईल, सामान भरून हजार-अकराशे. हीच गाडी परदेशात अडीच टन ओढते असं वाचलं. मग मला वजनाची काळजी करायचं कारण आहे का? लायसन्स वेगळं लागेल का? आणि पकडलं तर काय होतं?’

कारण आहे. अडीच टनाचा तो आकडा मनातून काढून टाका, कारण इथे तो तुमच्या उपयोगाचा नाही. का नाही ते पुढे सांगतो.

मी भोसरीत चोवीस वर्षं ट्रेलर बांधतोय. जनरेटरचे, बोटींचे, फिरत्या दवाखान्यांचे, आणि आता गेली काही वर्षं कॅम्पिंगचे. त्याआधी वडील चौफुल्याजवळ ऊसाच्या ट्रॉल्या बांधायचे, तिथेच वेल्डिंग शिकलो. इतक्या वर्षांत गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारतं ते एकच: ‘माझी गाडी हे ओढेल ना?’ हल्लीची डिझेल गाडी काहीही ओढते. सपाट रस्त्यावर दोन टन ओढताना ड्रायव्हरला फारसं जाणवतही नाही. खरे प्रश्न दोन आहेत. गाडी ते थांबवेल का, आणि कागद ते ओढू देतो का. दुसऱ्यापासून सुरू करतो, कारण तुम्ही कायदा विचारलाय.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये ‘मोटार वाहन’ म्हणजे काय याची व्याख्या कलम २ च्या २८ व्या पोटकलमात आहे. त्यात ट्रेलरचा स्पष्ट उल्लेख आहे. ट्रेलरला इंजिन नसतं, स्टिअरिंग नसतं, तरी कायद्याच्या दृष्टीने तो स्वतंत्र मोटार वाहन आहे. ही एक ओळ लक्षात ठेवली की बाकीचं आपोआप उलगडतं. वाहन आहे म्हणून त्याला स्वतःची नोंदणी हवी, स्वतःचा नंबर हवा, स्वतःचं आरसी हवं, तृतीय पक्ष विमा हवा, आणि त्या आरसीवर स्वतःची दोन वजनं लिहिलेली हवीत. तुमच्या एसयूव्हीचे कागद ट्रेलरला चालत नाहीत. ‘गाडीचा विमा आहे की, ट्रेलर तिलाच जोडलाय’ असं सांगणारे मला महिन्याला एक-दोन तरी भेटतात.

आता ती दोन वजनं. पहिलं भाररहित वजन. दुसरं एकूण वाहन वजन, ज्याला सगळे जीव्हीडब्ल्यू म्हणतात: वाहन अधिक भार मिळून नोंदणी प्राधिकाऱ्याने मान्य केलेला सगळ्यात मोठा आकडा. कलम ११३ सांगतं की सार्वजनिक जागी वाहन किंवा ट्रेलर चालवताना भरलेलं वजन आरसीवरच्या जीव्हीडब्ल्यूपेक्षा जास्त असता कामा नये. हे बहुतेकांना ठाऊक असतं. ठाऊक नसते ती त्याच कलमातली दुसरी अट: रिकामं वजनसुद्धा आरसीवर लिहिलेल्या भाररहित वजनापेक्षा जास्त असता कामा नये.

इथे कॅम्पिंग ट्रेलरवाले हटकून अडकतात, म्हणून जरा थांबतो. भाररहित वजन म्हणजे नुसता सांगाडा आणि चाकं नव्हेत. ट्रेलर कामात असताना नेहमी त्याच्याबरोबर असणारं सगळं साहित्य त्यात मोजायचं. फक्त चालक आणि मदतनीस वगळायचे. म्हणजे छतावर बसवलेला तंबू, बाहेर सरकणारं किचन, बॅटरी, सोलर पॅनेल, फ्रीज, बोल्ट करून बसवलेली पाण्याची रिकामी टाकी, हे सगळं भाररहित वजनात येतं. होतं काय, की नोंदणी सांगाडा आणि पेटीवर होते, ५२० किलो. मग सहा महिन्यांत मालक हौसेने तंबू, दुसरी बॅटरी, चांदणी, सायकलींचा रॅक असं एकेक वाढवत जातो आणि रिकामाच ट्रेलर ६८० किलो होतो. एक पिशवी सामान न भरताही तो नियमाबाहेर गेला. म्हणून माझं सांगणं असं की जे काही कायमचं बसवायचंय ते नोंदणीच्या आधी ठरवा, बसवा, काट्यावर न्या आणि मग तो आकडा कागदावर येऊ द्या. ‘आधी नोंदवून घेऊ, मग वाढवू’ असं सुचवणाऱ्या फॅब्रिकेटरपासून दूर राहा, मग तो भोसरीतला माझा शेजारी का असेना.

फॅब्रिकेटरबद्दल आणखी एक. ट्रेलर बांधणाऱ्याकडे त्या नमुन्याची मान्यता असावी लागते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२६ खाली नमूद केलेल्या संस्थांकडून नमुना तपासून घ्यावा लागतो. आपण पुणेकर यात नशीबवान आहोत: एआरएआय वेताळ टेकडीवर आहे, सीआयआरटी भोसरीतच आहे, आणि व्हीआरडीई अहिल्यानगरला आहे. देशातल्या मोजक्या तपासणी संस्थांपैकी तीन दोन-अडीच तासांच्या अंतरात. आगाऊ पैसे देण्याआधी मान्यतेच्या दाखल्याची प्रत मागा आणि त्यावरचं एकूण वजन, आसांची (ॲक्सलची) संख्या, टायरचं माप वाचा. विक्रीचा दाखला म्हणजे फॉर्म २१ आणि रस्तायोग्यतेचा दाखला म्हणजे फॉर्म २२, हे दोन्ही बांधणाऱ्यानेच द्यायचे असतात. ते तो देणार नसेल तर तुमच्या दारात एक सुंदर लोखंडी पेटी येईल, ट्रेलर नाही. तुम्ही धायरीत राहता, गाडी तिथेच उभी राहणार, म्हणून नोंदणी संगम पुलाजवळच्या पुणे आरटीओकडे, एमएच-१२ मध्ये. बांधणारा पिंपरी-चिंचवडचा आहे म्हणून एमएच-१४ होत नाही.

वजनाप्रमाणे ट्रेलरचे चार वर्ग आहेत. ७५० किलोपर्यंत टी-१, त्यापुढे साडेतीन टनांपर्यंत टी-२, साडेतीन ते दहा टन टी-३, आणि दहा टनांवर टी-४. तुमचा ट्रेलर भरून हजार-अकराशे म्हणजे टी-२. ७५० च्या रेषेला जगभर महत्त्व आहे, कारण तिथपर्यंतचा छोटा ट्रेलर ओढणाऱ्या गाडीच्या ब्रेकवर निभावतो असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. त्यापुढे ट्रेलरला स्वतःचा ब्रेक हवा. छोट्या ट्रेलरला बहुधा रेट्याचा ब्रेक बसवतात, ज्याला दुकानात ओव्हररन म्हणतात: गाडीने ब्रेक मारला की ट्रेलर पुढे रेटतो, त्या रेट्यानेच दांडीतली कळ दाबली जाते आणि ट्रेलरची चाकं धरली जातात. साधं आहे, देखभाल कमी लागते. ७५० च्या पुढचा ट्रेलर मी ब्रेकशिवाय माझ्या फाटकाबाहेर जाऊ देत नाही. गिऱ्हाईक पैसे वाचवायला म्हणालं तरी नाही.

आता त्या अडीच टनाकडे. परदेशात गाडीची ओढण्याची क्षमता ही कंपनीने त्या देशातल्या नियमांप्रमाणे जाहीर केलेली, तपासून घेतलेली गोष्ट असते. युरोपात एक कसोटी अशी आहे की ट्रेलर जोडलेली गाडी बारा टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा उभ्याने सुरू होऊन पुढे गेली पाहिजे. त्या बाजारात जाणाऱ्या गाडीला त्या हिशोबाने गिअरबॉक्सचा कूलर, वेगळं रेडिएटर, मागच्या आसाचं वेगळं गुणोत्तर, हिच (ट्रेलर अडकवायची लोखंडी जोडणी) बसवायला चॅसीवर तयार जागा असं पुष्कळ काही दिलेलं असतं. नाव तेच, बाहेरून पत्रा तोच, पण आतली गाडी तीच असेल असं नाही. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच मोटारींच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढण्याची क्षमता दिलेलीच नसते, किंवा ‘ही गाडी ट्रेलर ओढण्यासाठी नाही’ असं स्पष्ट छापलेलं असतं. तुमच्या गाडीची भारतातली पुस्तिका काढा आणि ते पान शोधा. आकडा असेल तर तो तुमचा आकडा. नसेल तर कंपनीच्या ग्राहक विभागाला चॅसी क्रमांक देऊन लेखी विचारा. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने ‘आरामात ओढेल सर’ म्हटलं, त्याला कागदोपत्री काही अर्थ नाही.

परदेशी माहितीचा आणखी एक घोटाळा लायसन्सबाबत होतो. ब्रिटनमध्ये १९९७ पासून पुढे परीक्षा दिलेल्यांना जड ट्रेलरसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागे. १६ डिसेंबर २०२१ पासून ती अट गेली आणि साध्या मोटारीच्या लायसन्सवर साडेतीन टनांपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. लंडनचा भाचा किंवा मेलबर्नची मुलगी जे सांगते ते तिथलं असतं. आपल्याकडे गणित हलक्या मोटार वाहनाच्या (एलएमव्ही) व्याख्येवर, म्हणजे ७,५०० किलोंच्या रेषेवर चालतं. त्या मर्यादेतली मालवाहू वाहनं एलएमव्ही लायसन्सवर चालवता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी कायम केलं. ट्रॅक्टरचं लायसन्स असलेल्याने मागे ट्रॉली जोडली म्हणून त्याचं लायसन्स निकामी होत नाही, हे त्याच न्यायालयाने २००१ मध्ये सांगितलं होतं. तुमची मोटार अधिक अकराशे किलोंचा खासगी वापराचा ट्रेलर साडेसात टनांच्या जवळपासही जात नाही. एलएमव्ही पुरेल. ट्रेलर भाड्याने द्यायचा विचार असेल तर गोष्ट बदलते. मग तो व्यवसायाचा ट्रेलर होतो, तंदुरुस्ती प्रमाणपत्र आणि पुढचं सगळं मागे लागतं.

आता तुमच्या गाडीचा हिशोब करू, कारण गाडी अडकते ती बहुतेक वेळा ट्रेलरच्या वजनावर नाही, तर स्वतःच्याच वजनावर. ट्रेलरची दांडी गाडीच्या हिचवर थोडा भार टाकते. तो भार ट्रेलरचा राहत नाही, गाडीचा होतो. मागच्या सीटवर आणखी एक माणूस बसवल्यासारखा. तुमच्या आरसीप्रमाणे २,६१० वजा १,९५० म्हणजे ६६० किलो गाडीत भरता येतात. चार माणसं २८० धरू. डिकीतलं सामान १५०. छतावरचा कॅरिअर आणि त्यावरचं ९०. हिच आणि तिचं लोखंड ३५. झाले ५५५. उरले १०५. ट्रेलर १,०५० किलोंचा असेल आणि त्यातला दहावा भाग दांडीवर येत असेल, तर तोही १०५. काठोकाठ. त्यात काट्यावर नेल्यावर कळतं की पूर्ण भरलेल्या टाकीतल्या डिझेलचेच पंचेचाळीस-पन्नास किलो आहेत आणि ते कुणी धरलेच नव्हते. म्हणजे ट्रेलर नियमात, गाडी नियमाबाहेर. परदेशी पानावरच्या अडीच टनांत यातलं काहीही दिसत नाही.

मग दांडीवरचा भार कमी करू का? करू नका. हे समजायला आपल्याकडे बैलगाडीइतकं चांगलं पुस्तक नाही. गाडीत ओझं पुढे जास्त झालं की जू बैलांच्या मानेवर बसतं. वडील म्हणायचे, गाडी धुरजड झाली. ओझं मागे गेलं की जू वर उचललं जातं, मान सुटते. ती उलाळ झाली. धुरजड गाडीने बैल दमतात, पण उलाळ गाडी उतारावर बैलांनाच वर उचलते. मोटारीचं अगदी तसंच आहे. दांडीवर भार जास्त झाला की मागचे पाटे (स्प्रिंग) बसतात, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग हवेत गेल्यासारखं लागतं, दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. पण दांडी हलकी झाली, ट्रेलर उलाळ झाला, की साठ-सत्तरच्या वेगावर तो शेपटीसारखा डोलायला लागतो. एकदा डोलायला लागला की प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. मी एका आसाच्या ट्रेलरला भरलेल्या वजनाच्या आठ ते बारा टक्के दांडीवर ठेवतो. तुमच्या हिशोबात ते बसवायचं तर ट्रेलर हलका करा किंवा छतावरचं ओझं काढा.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. २०११ साली एका भाड्याने जनरेटर देणाऱ्या व्यावसायिकाला मी ट्रेलर बांधून दिला होता, जीव्हीडब्ल्यू १,४०० किलो. त्याने वर्षभराने मला न विचारता त्यावर मोठा सेट चढवला, आणि जागा पुरेना म्हणून तो मागे सरकवून बसवला. वजन झालं साडेसतराशे आणि ट्रेलर झाला उलाळ. साताऱ्याहून येताना नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडला आणि नऱ्ह्याच्या उताराला लागला. ट्रेलर डोलायला लागला, ड्रायव्हरने घाबरून जोरात ब्रेक मारला, ट्रेलर आडवा झाला आणि त्याने गाडीला फिरवून दुभाजकावर नेलं. ड्रायव्हरचं गळ्याजवळचं हाड मोडलं. मागून कुणी येत नव्हतं म्हणून तेवढ्यावर निभावलं. विमा कंपनीने दाव्यात पहिला मुद्दा काढला तो नोंदणीपेक्षा जास्त वजनाचा. मी त्या पोराला दवाखान्यात भेटून आलो. वीस-बावीस वर्षांचं पोरगं. तेव्हापासून प्रत्येक ट्रेलरच्या दांडीवर मी जीव्हीडब्ल्यू आणि दांडीवरचा जास्तीत जास्त भार ठशांनी कोरतो. रंगाने लिहीत नाही, रंग पुसतात.

तो उतार पुणेकरांना नव्याने सांगायला नको. नोव्हेंबर २०२२ मध्ये नवले पुलाजवळ एका अवजड वाहनाने चाळीसहून अधिक गाड्यांना तडाखा दिला तो त्याच रस्त्यावर. तुम्ही धायरीचे, म्हणजे साताऱ्याकडून येताना ट्रेलर घेऊन तुम्हाला दर वेळी तोच उतार लागणार. बोगद्याच्या आधीच गिअर खाली घ्या, इंजिनावर उतरा, ब्रेक थोडा थोडा वापरा. कधी डोल सुरू झालाच तर पाय ॲक्सिलरेटरवरून उचला, स्टिअरिंग सरळ धरा, जोरात ब्रेक मारू नका.

टायरकडे कुणी बघत नाही, आणि माझ्या दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या निम्म्या ट्रेलरांचा आजार तिथेच असतो. टायरच्या बाजूला मापानंतर जो दोन-तीन आकडी क्रमांक असतो तो भारांक. जुन्या छोट्या मोटारींचे १५५/८० आर १३ टायर लोक स्वस्तात ट्रेलरला लावतात. त्यांचा भारांक साधारण ७९ असतो, म्हणजे एका टायरला ४३७ किलो. दोन टायर मिळून ८७४. तुमचा हजाराचा ट्रेलर त्यावर उभाच करता येत नाही, मग आस कितीही जाड असो आणि हिच कितीही मजबूत. भारांक ९५ घेतला तर एका टायरला ६९० किलो, दोघांचे १,३८०. थोडी मोकळीक राहते. आस, पाटे, टायर, कपलिंग, हिच, गाडीची पुस्तिका, दोन्ही आरसी, या सगळ्यांवर एकेक आकडा आहे. त्यातला जो सगळ्यात लहान, तोच तुमचा आकडा.

हिचचं बोलायचं तर गाडीच्या बंपरमागे जो स्क्रूचा टो-हूक मिळतो तो बंद पडलेली गाडी दोन पावलं ओढायला असतो, ट्रेलरला नाही. आणि बाजारात रस्त्याकडेला चॅनल वेल्ड करून हिच बसवून मिळते, ती बसवू नका. कंपनीने मूळ घडवलेल्या तपशिलात बदल करण्यावर कलम ५२ ची बंधनं आहेत, आणि मोनोकॉक, म्हणजे वेगळी चॅसी नसलेल्या, गाडीच्या पातळ पत्र्यावर केलेलं ते वेल्डिंग किती दिवस टिकेल हे मी वेल्डर असून सांगू शकत नाही. तुमच्या मॉडेलसाठी बनवलेली, बोल्टवर बसणारी, भार कोरलेली हिचच घ्या. साखळी दोन्ही बाजूंनी, दांडीखाली फुली करून. दिव्यांची सात पिनांची जोडणी. ट्रेलरच्या मागे ओढणाऱ्या गाडीचा नंबर दिसला पाहिजे, हे कलम ६१ सांगतं. ट्रेलरचा स्वतःचा नंबर त्याच्या अंगावर वेगळा. चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवायचा नाही, तंबूत झोपलेलं मूलसुद्धा नाही.

पकडलं तर काय? १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये जादा वजनासाठी वीस हजार रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. जादा माल उतरवण्याचा खर्चही तुमचाच. आणि तो उतरवल्याशिवाय वाहन हलवता येत नाही. लोकांना दंडाचा धाक असतो, मला विचाराल तर ही दुसरी अट जास्त महाग पडते. रात्री साडेदहाला खंबाटकीच्या पायथ्याशी दोनशे किलो सामान कुठे उतरवणार? भार अंगाबाहेर, म्हणजे बाजूला, मागे किंवा उंचीत ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला तरी वीस हजारच. वाहन थांबवायला किंवा वजन करून घ्यायला नकार दिला तर चाळीस हजार. अधिकाऱ्याला शंका आली तर कलम ११४ प्रमाणे तो पुढच्या वाटेवर दहा किलोमीटरच्या आतल्या काट्यावर वाहन न्यायला सांगू शकतो. आणि गाडी मित्र चालवत होता म्हणून मालक सुटत नाही; हे मालकाच्या माहितीनेच झालं असं न्यायालय गृहीत धरू शकतं. नोंदणीच नसेल तर कलम १९२, विमा नसेल तर १९६, ते वेगळे.

तुम्ही म्हणाल, दौंड-इंदापूर-बारामती पट्ट्यात गाळपाचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या मागे लावलेले ट्रॅक्टर डोंगराएवढा ऊस घेऊन जातात, त्यांना कोण विचारतं? हा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारतं, आणि मला तो झोंबतो, कारण त्यातल्या काही ट्रॉल्या आमच्या घरच्या आहेत. वडिलांनी बांधलेली ट्रॉली मजबूत असायची. इतकी मजबूत, की लोक तिच्यावर कागदाच्या दीडपट ऊस घालायचे. ट्रॉली मोडत नसे. मोडायचा तो रस्ता, आणि पुढे ट्रॅक्टरचा ब्रेक. रस्त्याचं नुकसान आसावरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं, हे रस्ते बांधणाऱ्यांचं मूलभूत गणित आहे. भार दहा टक्के वाढला तर नुकसान जवळजवळ दीडपट. वीस टक्के वाढला तर दुप्पट. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने आसांच्या मर्यादा वाढवल्या, चार टायरच्या एकेरी आसाला १०.२ टनांचे ११.५ टन झाले, सगळ्यात मोठ्या जोडणीला ४९ चे ५५ टन झाले. पण त्या आकड्यांचा आधार घेऊन कुणाच्या आरसीवरचं वजन आपोआप वाढत नाही. ऊसतोडणीच्या माणसांचा आणि ट्रॅक्टरवाल्यांचा धंदा खेपेवर चालतो, हे मी जवळून पाहिलंय, त्यांना नुसतं दोष देऊन भागत नाही. तरी अंधारात मागचा दिवा नसलेल्या ट्रॉलीवर दुचाकी आदळलेली मी तीनदा पाहिली आहे. त्यांना कुणी विचारत नाही, हे तुमच्या अकराशे किलोंचं समर्थन होऊ शकत नाही.

आता करायचं काय ते. ट्रेलर बांधायला देण्याआधी तुमच्या गाडीचं खरं वजन काढा. मार्केट यार्डात, भोसरीत, चाकणच्या रस्त्याला धर्मकाटे आहेत. वैधमापन विभागाचा चालू वर्षाचा शिक्का बघून घ्या. टाकी भरा, प्रवासाला जाताना असता तसे सगळे जण बसा, नेहमीचं सामान भरा, आणि आधी पूर्ण गाडी काट्यावर घ्या. मग फक्त मागची चाकं काट्यावर घ्या. दोन्ही पावत्या जपून ठेवा. पुढे ट्रेलर आला की हेच त्याच्यासह: सुटा ट्रेलर, मग जोडलेला, मग जोडलेल्या अवस्थेत गाडीची फक्त मागची चाकं. दांडीवरचा भार मोजायला मोठा काटा लागत नाही. किराणा दुकानात पोती मोजायचा प्लॅटफॉर्म काटा घ्या, त्यावर लाकडी ठोकळा ठेवून दांडी हिचच्याच उंचीवर टेकवा, ट्रेलरच्या चाकांना दगड लावा आणि आकडा वाचा. ट्रेलर तिरका ठेवून मोजलेला आकडा खोटा येतो.

पाण्याचं विसरू नका. एक लिटर म्हणजे एक किलो. शंभर लिटरची टाकी भरून भंडारदऱ्याला जायचं, तर तुम्ही शंभर किलो घाटावर चढवताय, जे तिथे गेल्यावर नळाला मिळणार आहे. टाकी बसवायचीच तर आसाच्या बरोबर वर बसवून घ्या, म्हणजे भरली काय, रिकामी काय, दांडीवरचा भार फारसा बदलत नाही. जाताना धुरजड आणि येताना उलाळ असा ट्रेलर मला बघवत नाही.

तुमच्या जागी मी असतो तर अकराशेचा नाद सोडून ७५० च्या आतला, एका आसाचा, तरीही ब्रेक असलेला ट्रेलर बांधून घेतला असता. रिकामा ४५०, भार ३००. चार माणसांच्या दोन मुक्कामांना ते पुरतं, आणि तुमच्या गाडीवर दांडीचे साठ-सत्तर किलोच येतात, म्हणजे छतावरचं सामान थोडं कमी केलं की कॅरिअरही ठेवता येईल. पण ठरवण्याआधी काट्यावर जाऊन या. भरलेल्या गाडीचं वजन, फक्त मागच्या चाकांचं वजन, आणि पुस्तिकेतल्या त्या पानावरचा मजकूर, एवढं कळवलंत की आस कोणता आणि टायर कोणता ते सांगतो.